पितळेची घनता

विज्ञानाची पेटी शाळेला भेट मिळाली, तेव्हा मी शाळेत नवीनच होते. शाळा आंबेगाव तालुक्यातली. मी जुन्नरहून स्कूटीवर जाते-येते. प्रयोगशाळा म्हणून दाखवलेल्या खोलीत एकच कपाट होतं. ते उघडलं आणि ओढणी नाकाला लावून मी मागे सरले. उंदरांनी लिटमसच्या कागदांचं घरटं केलं होतं. मोजपात्राच्या तळाशी पाल मरून, वाळून काचेला चिकटली होती. बेडकाच्या बरणीत नुसता तपकिरी गाळ उरला होता. ते सगळं मी हातमोजे घालून स्वतः धुतलं, मुलांना हात लावू दिला नाही. घरी जाऊन दोनदा अंघोळ केली तरी जेवण गेलं नाही.

त्यामुळे नवी पेटी आली तेव्हा मला खरोखर आनंद झाला. शहरातल्या एका संस्थेने ती दिली होती. आत तराजू, मोजपात्रं, दोरे आणि धातूंचे छोटे दंडगोल. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली : लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ. पितळेचा तर असा चकचकीत की मुली त्यात तोंड बघायला लागल्या.

आठवीला घनता शिकवायची होती. मी वर्गाचे तीन गट केले. आधी वस्तुमान तराजूवर घ्यायचं, मग दोरा बांधून वस्तू पाण्यात सोडायची, पाणी किती वर चढलं ते बघायचं, आणि वस्तुमानाला आकारमानाने भागायचं. डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचं, हे मी इतक्यांदा सांगितलं की मुलं गुडघ्यांवर बसून मोजपात्राकडे टक लावून राहिली.

पितळेचा दंडगोल हातात घेताच एक मुलगी म्हणाली, "बाई, हे लई हलकं लागतंय."

ही मुलगी तळेघरकडची, इथे मामाकडे राहून शिकत होती. वर्गात फारशी बोलायची नाही. मी म्हटलं, "हाताला काय वाटतं ते सोड. मोज."

तिच्या गटाचं उत्तर आलं दोन पूर्णांक सात. मला वाटलं, भागाकार चुकला. मी दुसऱ्या गटाला तोच दंडगोल दिला, मग तिसऱ्याला. सगळ्यांचं दोन पूर्णांक सात, थोडं इकडे-तिकडे. पुस्तकात पितळेची घनता आठ पूर्णांक चार. ॲल्युमिनियमच्या दंडगोलाची आम्ही सकाळीच काढलेली घनता फळ्यावर होती. तीही दोन पूर्णांक सात. मग मी पर्समधलं नेलकटर काढून दंडगोलाच्या तळाला ओरखडा मारला. सोनेरी रंगाचा पापुद्रा उडाला. खाली पांढरं ॲल्युमिनियम.

मुलं टाळ्या पिटायला लागली. चोर पकडल्यासारखाच त्यांना आनंद झाला होता. मीही हसले.

दंडगोल घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी तो उलटा-सुलटा केला, ओरखडा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "हा तुम्ही पाडलात?"

"हो सर. आत ॲल्युमिनियम आहे."

"मॅडम, शनिवारी ती संस्थेची मंडळी येणार आहेत. फोटो आहेत, भाषण आहे. मुलांना आठ पूर्णांक चार पाठ करून घ्या. परीक्षेतही तेच लिहायचंय ना?"

"पण मोजलेलं वेगळं आलंय सर."

"पोरं मोजतात ते चुकणारच." ते उठले, आठवीच्या वर्गात गेले आणि स्वतःच्या हाताने फळा पुसला. मी दारात उभी होते. ज्या मुलांनी तासभर गुडघे टेकून मोजलं होतं, ती बघत होती.

ते गेल्यावर त्या तळेघरच्या मुलीने विचारलं, "बाई, मंग शनिवारी काय सांगायचं?"

मी म्हटलं, "तू जे मोजलंस ते."

शनिवारी हार झाले, नारळ झाला. संस्थेकडून आलेले प्रमुख पाहुणे पांढऱ्या कडक कपड्यांत प्रयोगाच्या टेबलाशी आले आणि नेमकं तिलाच विचारलं, "हं, बाळ, पितळेची घनता किती?"

"पुस्तकात आठ पूर्णांक चार हाय. ह्याची दोन पूर्णांक सात आली."

पाहुणे हसले. "थोडं चुकलं असेल, पण प्रयत्न छान."

"चुकलं न्हाई," ती म्हणाली. "आमी तिन्ही गटांनी मोजलं."

मी पुढे होऊन दंडगोल उलटा करून दाखवला. "सर, हा रंग दिलेला आहे. आत पितळ नाही." मला वाटलं, आता ते दचकतील, संतापतील, निदान पुरवठादार कोण म्हणून विचारतील. त्यांनी ओरखड्याकडे बघितलं, दंडगोल तिच्या तळहातावर सरळ ठेवला, दुसरा हात तिच्या खांद्यावर टाकला आणि फोटोवाल्याला म्हणाले, "असा घे. चमक आली पाहिजे." मग ते पेढ्याकडे वळले. पेढा तोंडात असतानाच त्यांनी आणखी दहा शाळांना अशाच पेट्या देण्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मुख्याध्यापकांच्याही. त्या पेढ्यांचा तुपकट वास मला आजही सहन होत नाही.

सोमवारी प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडून काढून घेतली गेली. कारण दिलं, साहित्याचं नुकसान. पेटी कपाटात गेली.

मुलीने मात्र विषय सोडला नव्हता. एका सकाळी ती दप्तरातून खलबत्त्याचा पितळी बत्ता घेऊन आली. "मामीनं संध्याकाळच्या आत मागितलाय, चटणी कुटायचीय." तराजू आम्ही शाळेजवळच्या किराणा दुकानातून आणला. बत्ता मी घरून आणलेल्या मोजपात्रात जाईना, म्हणून पातेलं काठोकाठ भरलं, बत्ता बुडवला, खाली परातीत सांडलेलं पाणी त्याच मोजपात्राने मोजलं. आठ पूर्णांक सहा आलं. थोडं पाणी परातीला चिकटून राहिलं असेल, थोडं काठावर, यावर वर्गात बराच वेळ वाद झाला. ती ऐकता ऐकता बत्ता ओढणीने पुसत होती.

संस्थेच्या पत्रकावर तिचा फोटो छापून आला, खाली ओळ होती : 'विज्ञानाची सोनेरी वाट'. मुख्याध्यापकांनी ते चौकट करून कार्यालयात लावलं. मला सहीसाठी तिथे जावंच लागतं. मी मान खाली घालून सही करते आणि बाहेर येते.