कडी लावायची नाही

आमच्या कॉलेजात व्यसनमुक्तीचं पोस्टर लागलं की त्याच्याच आडोशाला पोरं बटन गिळायची. बटन म्हणजे झोपेची गोळी, मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय दिलेली. म्हणून आम्ही चौघांनी पोस्टरांचा नाद सोडला आणि बुलडाण्याच्या होस्टेलात खोलीखोलीत जाऊन बसायला लागलो. 'सोड' म्हणायचं नाही, कुणाचं नाव फोडायचं नाही. एवढंच सांगायचं की दारूबरोबर घेऊ नका, एकटे घेऊ नका, आतून कडी लावू नका आणि कुणी उठत नसला तर डॉक्टरला खरं सांगा. मी हे फार झोकात सांगायचो. जानेफळसारख्या खेड्यातून आलेल्या माझ्यासारख्या पोराचं पहिल्यांदाच कुणी ऐकून घेत होतं.

माझा रूममेट धाड गावचा. तोही बटन घ्यायचा. घेतली की मला सांगायचा, "आज घेतली बे, लक्ष ठेव." मी पुस्तक घेऊन त्याच्या खाटेशी बसायचो, पण वाचायचो कुठलं, त्याचा श्वासच ऐकत राहायचो. पुढं त्यानं आपणहून कमी केली, मग दोन महिने घेतलीच नाही.

इथं मी माती खाल्ली. प्राचार्यांना कार्यक्रमासाठी एक व्यसनमुक्त विद्यार्थी हवा होता, कारण सत्कार झाल्याशिवाय आपल्याकडे कुठलं काम झाल्यासारखं वाटत नाही. मी त्याचं नाव देऊन टाकलं.

"मले नको बे," तो म्हणाला. "उद्या पुन्हा घेतली तं?"

"आता काऊन घेशीन? पोरायले हुरूप येईन."

स्टेजवर शाल, नारळ, प्रमाणपत्र. वडील धाडहून जीपनं आले होते. पोराला नाद होता आणि तो सुटला, हे दोन्ही त्यांना एकदमच कळलं होतं. पहिल्या रांगेत बसून ते रडले. सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या.

त्यानंतर तो मला काही सांगेना. विचारलं की म्हणायचा, "सोडली ना बे, सत्कार झाला ना." आणि हसायचा. मला ते खरं वाटलं, कारण मला ते खरं हवं होतं.

एका दुपारी प्रॅक्टिकल संपवून आलो तर आतून कडी. हाका मारल्या, लाथा घातल्या. कडी तुटली तेव्हा तो खाटेवर उताणा पडलेला होता, ओठ निळसर. खाली गोळ्यांची रिकामी पट्टी. ती मी खिशात कोंबली, त्याला कुशीवर वळवलं आणि पोरांच्या मदतीनं ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलं यानं?"

"माहीत नाही. चक्कर आली असेल."

हे मी म्हणालो. खोलीखोलीत खरं सांगायला शिकवणारा मी! माझ्या डोळ्यांसमोर ती शाल होती, ती पहिली रांग होती.

वडील त्या दिवशी सोयाबीन घेऊन बाजार समितीतच आले होते. निरोप मिळताच धावत आले. "साहेब, माह्या पोरानं सोडलं हाये. सर्वांसमोर सत्कार झाला त्याचा," म्हणत मोबाइलमधला फोटो शोधू लागले. फोटो सापडेना. मला ते बघवेना. तेव्हा कुठं मी पट्टी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर ती उचलून आत धावले. वडिलांनी मोबाइल बंद करून खिशात टाकला.

तो संध्याकाळी गेला. आधी सांगितलं असतं तर वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. आजही विचारायची हिंमत नाही.

आठवड्यानं धाडला गेलो. प्रमाणपत्र भिंतीवर तसंच होतं, ते काढणं कुणाच्यानं झालं नव्हतं. वडिलांनी पाणी दिलं आणि समोर बसले.

"तुले तं सारं सांगे तो," ते म्हणाले. "या टायमाले काऊन नाई सांगितलं?"

त्यांच्या डोक्यामागंच ते प्रमाणपत्र टांगलेलं होतं.

"मले माहीत नाही, काका," मी म्हणालो.