चार बोटांचा बांध

हिरामणला मी लहानपणापासून ओळखतो. त्याच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं एवढंच आहे, की तो पहाटे लवकर उठायचा. उठून काय करायचा, ते पुढे येईलच.

आमचं गाव मानकोलीच्या नाक्यापासून पायी अर्ध्या तासावर. पस्तीसेक घरं, आणि त्यांच्यामागे खाडीकडे उतरत गेलेली भाताची शेतं. हिरामणचा बाप काळूराम साधा माणूस होता, पण आपल्या मुलाला पुरता ओळखून होता. मुलगी कमळ वडप्याला दिलेली. ती बाविसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली, तेव्हा काळूरामने स्वतःच्या शेतातले दहा गुंठे रीतसर मोजून घेतले, नकाशा काढला आणि सातबाऱ्यावर तिचं नाव चढवलं. तोंडी कशावरही तो विसंबून राहिला नाही. ऐंशी साली तो गेला. शेतांच्या मधे एक बांध राहिला, अलीकडे हिरामण, पलीकडे कमळ.

कमळने शेताच्या टोकाला दोन खोल्या बांधल्या. भात लावायचा, भातामागून वाल पेरायचे, बांधावर तूर. वर्षभराचा तांदूळ घरचा निघायचा, म्हणून भावाच्या दारात ताट घेऊन उभं राहायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. तिच्या आयुष्यात मानाची म्हणावी अशी ही एकच गोष्ट होती, आणि ती त्या दहा गुंठ्यांतून उगवत होती.

आता हिरामणच्या लवकर उठण्याकडे येऊ. दरवर्षी मे संपता संपता तो उजाडायच्या आत कुदळ घेऊन बांध साफ करायला जायचा. आपल्या बाजूने बांध चार बोटं तासायचा आणि ती माती कमळच्या बाजूला थापायचा. बांध दिसायला तेवढाच रुंद, फक्त चार बोटं पुढे सरकलेला. पहिल्या पावसात थापलेल्या मातीवर गवत उगवलं की झालं, कुणी काही सिद्ध करू शकत नाही. कमळ दरवर्षी बांधावर उभी राहून बोंब मारायची. आणि आम्ही, गावातली शहाणी माणसं, चहा पीत म्हणायचो, "भावंडांचं हाय, ऱ्हाऊ दे." मीही म्हटलेलं आहे. तिच्या बाजूने एकदाही उठून उभा राहिलो नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

पंचवीस वर्षं हे चाललं. दरोडा घालायला निदान छाती लागते. चार बोटं चोरायला फक्त कुदळ आणि निर्लज्जपणा पुरतो, आणि हिरामणकडे दोन्ही होतं.

मग गोदामं आली. काल्हेरपासून पत्र्याच्या शेड सरकत सरकत आमच्यापर्यंत पोचल्या. हिरामणने वरची जमीन विकली आणि उरलेल्या शेतात, अगदी बांधाला खेटून, बंगला बांधला. फाटकावर दोन सिंह बसवले, त्यांतला एक तिरळा. आत काळ्या दगडाचा ओटा असलेलं स्वयंपाकघर, ज्यात कुणी फोडणी द्यायची नाही, कारण फरशा खराब होतात. स्वयंपाक मागच्या पडवीतच चालायचा. पांढरे कपडे घालून हा माणूस दिवसभर ओसरीत बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फरशीवर चालायला लावायचा.

२००६ साली खालच्या अंगाला गोदाम बांधणारा एक शेठ त्याच्याकडे आला. त्याला कंटेनर आत न्यायला हिरामणच्या शेतातून रस्ता हवा होता, आणि तो आठ-दहा फुटांनी अरुंद पडत होता. हिरामणने विचार केला. त्याने विचार केला की काहीतरी अभद्र होतं, तसंच याही वेळी झालं. भर नाक्यावर, पाच माणसांसमोर तो म्हणाला, "माज्या बापाचं शेत याच्याहून मोठं व्हतं. कमळीनं बांध सरकवलाय. बाईमानूस गप बसतंय का उगाच? मोजनी आनतू. दहा फूट निघतील."

तो गंमत करत नव्हता. त्याने खरोखरच तातडीच्या मोजणीचा अर्ज भरला. स्वतःच्या हाताने पंचवीस वर्षं चोरी केलेला माणूस ती इतकी विसरला होता, की चोर शोधायला त्याने सरकारला बोलावलं.

कमळ त्या दिवशी माझ्याकडे आली. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "दहा फूट गेलं तर पानी उतरायची वाट जाईल," ती म्हणाली. "भात कुजंल. मंग बाकीचं पन सही करून द्यावं लागंल. तू पंच म्हनून ये." मला नाही म्हणवलं नाही. पंचवीस वर्षांनी एवढं तरी करायला हवं होतं.

मोजणीवाले साहेब दुपारी आले. तरुण, घामाघूम, कुणाशी न बोलणारे. काळूरामच्या वेळचा नकाशा त्यांनी टेबलावर पसरला, विहिरीपासून आणि कोपऱ्यातल्या जुन्या दगडापासून मापं घेतली आणि चुन्याची रेघ ओढायला सांगितली. खाडीकडून निघालेली रेघ बांधावर आलीच नाही. ती हिरामणच्या बाजूने सहा फूट आतून सरळ वर चढली आणि बंगल्याच्या भिंतीला जाऊन भिडली. साहेब आत गेले, बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "काका, तुमचं अर्धं स्वयंपाकघर बहिणीच्या शेतात आहे."

हिरामणने पुन्हा मोजायला लावलं. रेघ तिथेच आली. "साहेब, बांध पयल्यापासून हितंच हाय!" तो ओरडला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो खोटं बोलत नव्हता. त्याचा त्यावर विश्वास होता. मला त्याची खरी किळस आली ती त्या क्षणी.

तीन दिवसांनी तो कमळकडे गेला. बरोबर साडी आणि मजकूर लिहून तयार ठेवलेला स्टँप पेपर. कमळने दोन्हीला हात लावला नाही. "घर तुजं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मी जिती हाय तवर त्या भिंतीला हात लावाचं नाव न्हाय काढनार. मना माजा बांध पायजे. तुज्या हातानं कापलास, तुज्या हातानं घाल. मजूर नको, जेसीबी नको."

मी म्हटलं, "कमळ, फार स्वस्तात सोडतेस."

"माजा भाऊ हाय तो," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी हिरामण फावडं घेऊन शेतात उतरला. आख्खं गाव बघायला जमलं. भिंतीवरच्या चुन्याच्या खुणेपासून मोजणीवाल्यांनी खाडीकडे रोवलेल्या हद्दीच्या दगडापर्यंत त्याला बांध घालायचा होता. पांढरा सदरा पाठीला चिकटला, पोट हलत होतं, दर दहा फावड्यांनी तो कंबर धरून उभा राहायचा. खरं सांगतो, मला मजा येत होती. दुपार कलता कलता बांध पुरा झाला. त्याने हात झटकले आणि बहिणीकडे बघून हसला. क्षणभर मलाही वाटलं, चला, संपलं एकदाचं.

कमळ घरात गेली, सुताची दोरी घेऊन आली. एक टोक मला भिंतीच्या खुणेवर धरायला लावलं, दुसरं तिने स्वतः दगडावर धरलं आणि दोरी ताणली. दोन्ही टोकांना बांध दोरीवर होता. मधल्या भागात तो तिच्या बाजूला फुगला होता. मी वाकून हात लावून बघितला. चार बोटं.

भर दिवसा, गावासमोर, बहिणीने घर सोडून दिल्यावर.

"माती हाय," हिरामण म्हणाला. "सरकतंय जरा."

कोणी हसलं नाही. कमळने दोरी सावकाश गुंडाळली. तिचे डोळे भरून आले होते. मोजणीच्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "घराचं बोलले ते मी मागं घेते. सकालच्याला ये. पयली भिंत पाड, मंग बांध सरल घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी काळा ओटा बाहेर निघाला. भिंत चुन्याच्या रेघेपर्यंत पडेपर्यंत कमळ दोरी घेऊन उभी होती. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.