कच्चा कोण?

"रंगच कच्चा होता त्यांचा, आम्ही काय करणार?" नात्यातल्या प्रत्येक लग्नात पंगत बसली, की माझे साडू हे वाक्य सांगतात. अंबडच्या बाजारपेठेत त्यांचे कापडाचे दुकान आहे आणि मी आयुष्यभर कापड रंगवले. म्हणून ऐकणाऱ्यांना ते खरे वाटते. रंगाऱ्याला कच्चा म्हणणे ही थट्टा नव्हे. त्या एका शब्दाने माझ्याकडे येणारी कामे दुसऱ्याच्या दारात गेली. तो शब्द मी त्यांना परत करणार आहे.

त्यांच्या दुकानासाठी मी डाळिंबी फेटे रंगवले, सावलीत पुरते वाळवले, घड्या घातल्या आणि नेहमीप्रमाणे मांजरपाटाच्या जाड, कोऱ्या कापडात बांधून दिले. रंगीत माल उजेडापासून आणि ओलीपासून राखावा, मधूनमधून घडी मोडून नवी घालावी, हेही बजावले. साडू हसले.

"साडूभाऊ, मांजरपाटात तुमचा माल मढ्यावानी दिसून राह्यलाय. गिऱ्हाइकाला रंग दिसाय पायजे!"

त्यांनी गाठोडी सोडली. प्रत्येक फेटा पारदर्शक पिशवीत घातला, पिशवीवर दुकानाचे गोल सोनेरी लेबल डकवले आणि सगळा माल पश्चिमेकडच्या काचेच्या कपाटात मांडला. दुपार कलली की ऊन थेट त्या काचेवर येई. मी पुन्हा टोकले, तर म्हणाले, "तुमचं काम रंगवायचं, आमचं इकायचं. बिलकुल काळजी करू नका."

पुढच्या लग्नसराईत तेच फेटे त्यांच्या पुतण्याच्या वऱ्हाडाला ऐन मुहूर्ताला घाईत बांधले गेले. घड्या उलगडल्या आणि प्रत्येक फेट्यावर विटके पट्टे निघाले. मुलीकडचा एक म्हातारा ओरडला, "आवं, वऱ्हाड आलं का वाघं आले?" सारा मांडव हसला. साडूंनी त्याच क्षणी माझ्याकडे बोट केले.

तेव्हाचा माझा खुलासा हशात बुडाला. आज बुडणार नाही. कच्चा रंग पाण्याला आणि घामाला सुटतो. त्या दिवशी घामाने निथळणाऱ्या एकाही पांढऱ्या सदऱ्यावर डाळिंबी डाग पडला नव्हता. साडू आता म्हणतात, घडीच्या कडेला रंग नीट बसला नसेल. कापड मोकळे असताना रंगते, घडी नंतर पडते, एवढे तरी कापड विकणाऱ्याला ठाऊक असावे.

त्यांतला एक फेटा मी तेव्हाच मागून घेतला आणि मांजरपाटात जपला. आता साडूंच्या नातीचे लग्न ठरले आहे. पंगत बसेल, ते नेहमीची गोष्ट काढतील, आणि मी तो फेटा त्यांच्या पानासमोर उलगडीन. काचेकडे राहिलेली त्याची बाजू पार विटली आहे. तिच्यावर एकच जागा आजही अस्सल डाळिंबी आहे: गोल, आणि बरोबर साडूंच्या लेबलाएवढी.