फोटोआत्याचा उजवाड

आमची आत्या कुणाच्याही घरी गेली की चपला काढायच्या आधी उजेड कुठून येतो ते बघायची. उंबऱ्याशी थांबून डोळे किलकिले करायची आणि मगच आत यायची. "हांगा सकाळचो बरो उजवाड येता," असं ती म्हणाली की ते घर तिला आवडलं असं समजायचं. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, डिचोलीला दिलेली. यजमान बोटीवर होते. त्यांनी आणलेला कॅमेरा कायम तिच्या गळ्यात असायचा. पेडण्यातली आम्ही मुलं तिला फोटोआत्याच म्हणायचो.

गणपतीत, चवथीला ती माहेरी आली की जेवणानंतर घरापुढच्या बल्कांवात, म्हणजे बाकं असलेल्या ओसरीत, खुर्च्या मांडल्या जायच्या. आजोबा मधोमध, बाकीचे त्यांच्याभोवती. "हसा" असं आत्या कधी म्हणायची नाही. "हसा म्हटल्यार मनीस दांत दाखयता," हे तिचं मत. सगळे नीट बसले की ती कॅमेऱ्यामागून विचारायची, "खतखतें कशें जाल्लें गो?" नुकत्याच खाल्लेल्या त्या मिसळभाजीची चव आठवताना माणसं क्षणभर स्वतःच्या आत बघत, आणि तेवढ्यात ती बटण दाबी. म्हणून आमच्या घरच्या फोटोंत सगळेच अर्धवट स्वप्नात असल्यासारखे दिसतात.

एका वर्षी माझ्या धाकट्या काकाने लग्न केलं. मुलगी रेणुका, धारगळला रस्त्याच्या कामावर आलेल्या बेळगावकडच्या गवंड्याची. आजोबांनी तिला घरात घेतलं, पण ते तिच्याशी बोलत नव्हते. त्या चवथीला फोटोसाठी बसताना ते म्हणाले, "घरचींच माणसां बसा." रेणुकाकाकी स्वयंपाकघरात गेली. काका मान खाली घालून उभा राहिला.

आत्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. "बाबा, तुमच्या तोंडार काळोख पडता." मग तिने आत हाक मारली, "रेणुका, एक धवी चादर घेवन यो गो!" काकी पांढरी चादर घेऊन आली. आत्याने तिला आजोबांच्या शेजारी उभं केलं आणि दोन्ही हातांनी चादर ताणून धरायला सांगितली. माडांतून उतरलेलं ऊन चादरीवर पडलं आणि तिथून आजोबांच्या चेहऱ्यावर गेलं. आजोबा समोर बघत राहिले. आत्याने खतखत्याचं विचारलं आणि फोटो काढला.

दिवाळीला ती फोटो घेऊन आली. आजोबा तो हातात धरून आरामखुर्चीत बराच वेळ बसले. त्यांचा चेहरा इतका प्रसन्न आम्ही कधी पाहिला नव्हता, आणि अगदी शेजारी, फोटोच्या आतच, हात ताणून उभी असलेली काकी.

"ही चादर कित्याक धरल्या हिणें?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या तोंडार उजवाड पडूं म्हूण," आत्या म्हणाली.

आजोबांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. चहा निवून गेला. मग म्हणाले, "ती चादर आतां बाजूक दवरूंक सांग तिका. म्हज्याकडेन बसय. आनी परत एक काढ."

बल्कांवातल्या बाकावर ते स्वतःच जरा सरकले. त्या दुसऱ्या फोटोत काकी बसायच्या बेतात आहे, कॅमेऱ्याकडे बघतच नाही. आजोबांनी तिच्यासाठी मोकळ्या केलेल्या जागेकडे बघते आहे.

आजोबा गेले. पुढे आत्याला आठवेनासं होत गेलं. आधी नावं गेली, मग नाती. शेवटच्या चवथीला तिला खुर्चीत बसवलं आणि फोटो मी काढला. मागे उभ्या असलेल्या रेणुकाकाकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आत्याने आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि विचारलं, "हीं कोणाचीं माणसां गो?"

"तुझींच गो," काकी म्हणाली.

"इतलीं?" आत्याचा चेहरा उमलला. मी बटण दाबलं.

पुढचा पाऊस सुरू व्हायच्या आधीच आत्या गेली. भिंतीवर लावायला आम्ही त्याच फोटोतला तिचा चेहरा मोठा करून घ्यायचं ठरवलं. डिचोलीच्या स्टुडिओतला माणूस पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "हांगा खांद्यार कोणाचो तरी हात उरता. पुसून काढूं?"

वडील पुढे वाकून बघत राहिले.

"नाका," ते म्हणाले. "रावूं दी."