मामांचा कोनाडा

नाशिकला आमच्या घराखालचं तळघर अर्धवटच राहिलं होतं. ऐंशीच्या सुमारास तिथे धुण्याची मोरी बांधायला घेतली. गवंडी जवळच्या बौद्ध वस्तीतले, वयस्कर. मी त्यांना मामा म्हणायचे, रोज चहा द्यायचे, पण वेगळ्या कपात. कान तुटलेला तो कप त्यांनीच विसळून जिन्याखाली ठेवायचा. चहा देते म्हणजे मी फार सुधारलेली, असं मला वाटायचं.

शेवटच्या दिवशी पाहिलं, तर जिन्यापाशी भिंतीत एक छोटा कोनाडा, छान घोटलेला. मी सांगितलाच नव्हता.

“हा कशाला, मामा?”

“त्या कपाला, बाई. पुढं कोणी कामाला आलं तर शोधायला नको.”

कप मी फेकून दिला. कोनाडा साबणासाठी करून घेतला, असं अजूनही सांगते.