जैसे थे खुर्ची

आमच्या गल्लीतील न्हाव्याशी माझा परिचय त्याच्या वस्तऱ्यामुळे झाला. ज्याच्या हाती आपण वर्षानुवर्षे निर्धास्तपणे गळा सोपवतो, त्याची थोडी माहिती लिहून ठेवणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

त्याच्या वडिलांनी पुढचे दुकान थोरल्याला, म्हणजे या न्हाव्याला, आणि मागचे घर धाकट्याला दिले. मधल्या चिंचोळ्या जागेविषयी मात्र ते काहीही न बोलता वारले. ही जागा इतकी अरुंद आहे, की तीत दोघांना एकाच वेळी भांडता येत नाही. त्यामुळे धाकट्याने दावा लावला आणि दोघे भांडण्यासाठी दिवाणी न्यायालयात जाऊ लागले.

न्यायालयाने जागा ‘जैसे थे’ ठेवण्याचा आदेश दिला. दुर्दैवाने त्याच दुपारी दुकानातील एकुलती एक लोखंडी खुर्ची, गादी धुतल्यामुळे, त्या जागेत उन्हात वाळत होती. न्हाव्याने ती तिथेच राहू दिली.

त्याची बायको म्हणाली, “अहो, आदेश जमिनीचा आहे, खुर्चीचा नाही!”

“आणि खुर्ची कशावर उभी आहे? आभाळावर?”

त्याने वकिलांना विचारले. वकील म्हणाले, “तूर्त हलवू नका. बघून सांगतो.” ते अद्याप बघत आहेत. दरम्यान धाकटा रोज खिडकीतून खुर्चीवर नजर ठेवू लागला आणि त्याच दुपारी त्या जागेत वाळत घातलेली धाकट्याच्या बायकोची चादर दोरीवरून उतरत नाही ना, यावर न्हाव्याची बायको. खुर्चीत बसण्याचा धीर फक्त एका कावळ्याला झाला.

गिऱ्हाइके स्टुलावर बसू लागली. स्टुलाला पाठ नाही, आणि पाठ टेकल्याशिवाय मनुष्य डोळे मिटून दाढी करवून घेत नाही. हळूहळू लोक कोपऱ्यावरच्या नव्या सलूनकडे वळले. दुकान बुडणार, हे सर्वांना दिसत होते.

एक गिऱ्हाईक मात्र टिकून होते, ते म्हणजे धाकटा. तारखेच्या दिवशी सकाळी तो न चुकता येई.

“दादा, जपून हं. आज न्यायाधीशांसमोर उभं राहायचंय.”

“मलाही तिथेच जायचंय. हलू नकोस, कापेल.”

“कापलंस तर वकिलाला सांगेन.”

“सांग की. माझ्यावर दावा लावणारा माणूस गबाळा दिसला, तर अब्रू माझी जाईल.”

दाढी आटोपल्यावर दोघे एकाच रिक्षाने न्यायालयात जात आणि जाताना एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत.

एकदा साक्षीदार म्हणून मीही तिथे हजर होतो. माझी साक्ष झाली नाही. न्हाव्याचे वकील वडिलोपार्जित मालमत्तेची व्याख्या सांगत असताना न्हाव्यानेच हात वर केला.

“साहेब, मला खुर्ची आत घ्यायची आहे.”

न्यायाधीशांनी आधी स्वतःच्या खुर्चीकडे पाहिले. खुलासा ऐकल्यावर ते म्हणाले, “मग घ्या की! जागा विकू नका, तिच्यावर बांधू नका, एवढाच त्या आदेशाचा अर्थ. खुर्ची हलवू नका, असं कोण म्हणालं?”

दोन्ही वकील आपापल्या कागदांत डोके खुपसून बसले. पण धाकट्याच्या वकिलांना सवय आवरेना. ते उठून म्हणाले, “आमची हरकत आहे. खुर्चीसुद्धा वडिलांचीच आहे. तिच्यातही आमचा निम्मा हिस्सा लागतो.”

न्यायाधीशांनी कपाळाला हात लावला आणि खुद्द धाकट्यालाच विचारले, “तुमचं काय म्हणणं आहे?”

धाकटा उभा राहिला आणि गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवत राहिला. तेव्हा न्हाव्याने न्यायाधीशांकडे पाठ केली. असे करणे नियमास धरून नव्हते. तो भावाला म्हणाला,

“धाकट्या, संध्याकाळी जरा एक बाजू धरायला ये. मला एकट्याला उचलवत नाही ती.”