मधूचं पिस्तूल आणि शशीवहिनींचं माप

शशीवहिनींच्या घरात एकही वस्तू आपल्या मूळ रूपात मेलेली मी पाहिली नाही. त्यांचा नवरा, म्हणजे आमचा मधू, सहा फुटांच्या वर. कॅनडातल्या आमच्या कोक्विटलाममध्ये उंचीत देवदारांचा पहिला नंबर आणि त्यांच्या खालोखाल मधूचा. वहिनी त्याच्या कोपराशी येत. मधूने नवा हिवाळी कोट घेतला की जुन्याच्या बाह्या कापून, कड दुमडून तो वहिनींच्या अंगावर चढे. अंगावरून उतरला की त्याची गाडीतली उशी होई, उशी फाटली की कढई उतरवायची फडकी, आणि फडकी जळाली की ती थंडीत गुलाबाच्या मुळांशी पांघरूण म्हणून जात. त्या गुलाबाला तपकिरी फुलं येत असं मी म्हणणार नाही, पण एका वर्षी रंग मला संशयास्पद वाटला होता.

बर्फ ओढायच्या फावड्याचा दांडा त्यांनी करवतीने आखूड केला. मधूची सायकल स्वतःच्या मापाची करून घेतली, मधूच्या चष्म्याची फ्रेमसुद्धा गरम पाण्यात वाकवून वापरली. "अहो, नवीन घ्या ना एखादं," असं कुणी म्हटलं की वहिनी नागपुरी ठसक्यात म्हणत, "काहून? वस्तूत काही वाईट नाही बाप्पा. माप तेवढं चुकलं."

मधूचं नेमकं उलट. दुकानातून नवी वस्तू घेऊन बाहेर पडताना त्याच्या चेहऱ्यावर बारशाचा आनंद असे. रिटायर झाल्यावर आम्ही दोघं डोंगराखालच्या नेमबाजी क्लबात जायला लागलो, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याने नऊ मिलिमीटरचं एक दांडगं पिस्तूल घेतलं. त्यासोबत सागवानी डबा, आत पिस्तुलाच्या आकाराची मऊ खाच, पितळी कुलूप. नेम म्हणाल तर समोरच्या कागदापेक्षा मागच्या मातीच्या बांधालाच अधिक भोकं पडत. मधू गेल्या जन्मी सुतार पक्षी असावा आणि त्या बांधाशी त्याचं जुनं वैर असावं. वहिनी चिडत. "घर तापवायचा फर्नेस खोकून राहिला, अन् हे कागदाले गोळ्या घालून राहिले," म्हणत. मधू हसे आणि डब्याला पॉलिश करी.

ही दोन हजार सोळा-सतराच्या आसपासची गोष्ट. एका सकाळी मधू ड्राइव्ह-वेमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना खाली बसला तो उठला नाही. तेरावं झालं, लेक दूर एटोबिकोला आपल्या घरी परत गेली, आणि एक प्रश्न उरला. इथल्या कायद्याप्रमाणे लायसन्स नसलेल्या माणसाला पिस्तूल ठेवता येत नाही. ते लायसन्सवाल्याच्या नावावर करायचं, नाहीतर पोलिसांकडे द्यायचं. माझ्याकडे लायसन्स होतं आणि पिस्तूल मला आवडतही होतं. मी अत्यंत जड अंतःकरणाने, म्हणजे चेहरा तसा करून, म्हणालो, "वहिनी, तुम्ही काळजी करू नका. मी सांभाळीन."

वहिनींनी चहा गाळता गाळता माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, तुमचा डोळा आहे त्याच्यावर, मला माहीत आहे. पण ते या घरातून जाणार नाही. मी परीक्षा देते."

आणि दिली. वर्गात बाकी सगळी दाढीवाली पोरं, मधे वहिनी, खांद्यावर मधूच्या पँटची शिवलेली पिशवी. बंदूक रिकामी आहे की नाही हे आधी तपासावं, असा नियम. वहिनींनी ते इतक्या निगुतीने तपासलं की मागच्या उमेदवारांची जेवणाची वेळ टळली. बँकेत जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या तपासलेली बाई. पास झाल्या. पिस्तूल त्यांच्या नावावर झालं. मग दर शनिवारी आम्ही क्लबात जाऊ लागलो. पिस्तूल गाडीत असताना वाटेत रेंगाळायचं नाही, हाही नियम. वाटेत देशी ग्रोसरीच्या दुकानात भेंडीचा सेल लागलेला असे. वहिनी त्या पाटीकडे अशा बघत, जशी सासरी निघालेली लेक माहेराकडे बघते.

पण नेमबाजी जमेना. पिस्तुलाचा धक्का मोठा, वहिनींचं मनगट चिमणीचं. दुसऱ्या शनिवारनंतर तर धक्का बसायच्या आधीच त्यांचं अंग धक्का खाऊ लागलं. खांदे कानांना लागत, डोळे मिटत, आणि गोळी कॅनडात कुठेतरी जाई. क्लबातले शिकवणारे गिलसाहेब, जालंधरकडचे, आवाज ढोलाचा, काळीज खव्याचं. त्यांनी एक दिवस आम्हाला बाजूला घेतलं.

"भाभीजी, बुरा मत मानना. आँख बंद करके फायर करना सेफ नहीं है. मैं आपको ऐसे लाइन पे खड़ा नहीं कर सकता. छे महीने पॉइंट टू-टू चलाओ. छोटी गोली, झटका नहीं. डर निकल जाएगा."

"आणि नाही चालवली तर?" वहिनींनी मला विचारलं.

नाही चालवली तर क्लब नाही, आणि क्लब नाही तर पिस्तूल घरात ठेवण्याला कारण नाही. हे मी सांगितलं नाही, पण वहिनींना समजलं. त्या आपल्या पिशवीचा बंद पिळत बसल्या.

छोटी गोळी चालवायला दोन वाटा होत्या. एक, निराळं छोटं पिस्तूल घ्यायचं. दुसरी, कन्व्हर्जन किट. म्हणजे मोठ्या पिस्तुलाचा वरचा भाग आणि नळी काढून ठेवायची आणि त्या जागी छोट्या गोळीची नळी नि वरचा भाग बसवायचा. मूठ तीच, ट्रिगर तोच, धक्का मात्र उंदराच्या शिंकेएवढा.

हे ऐकताच वहिनींचा चेहरा असा उजळला, जणू कुणीतरी त्यांच्यासाठीच हा शोध लावला होता. "म्हणजे यांचंच पिस्तूल, फक्त आल्टर केलेलं?"

"तसंच समजा."

"मग विचार कशाचा करून राहिले तुम्ही? हेच घेऊ."

मी छोट्या पिस्तुलाची बाजू मांडून पाहिली. किट गोळ्यांच्या बाबतीत नखरेल असतं, एक जात चालते, दुसरी अडकते, वगैरे. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही वकिली करू नका भाऊजी. छोटं घेतलं की मोठं तुमच्याकडे येते, हे मला दिसून राहिलं."

विकत घेण्याआधी पाहून घ्या म्हणून गिलसाहेबांनी पुढच्या शनिवारी दोन्ही गोष्टी आणल्या. त्यांच्या ओळखीच्या एकाचं किट मधूच्या पिस्तुलावर चपखल बसलं. वहिनी उभ्या राहिल्या. पहिली गोळी सुटली, आवाज टाळीएवढा. दुसऱ्या गोळीला खांदे खाली आले, तिसरीला डोळे उघडे. गिलसाहेब "शाबाश" म्हणाले. पण कागद जवळ आणला तर भोकं सगळी डावीकडे, एक इथे, एक तिथे, जशी लग्नात रुसलेली माणसं बसतात.

गिलसाहेबांनी वहिनींचा हात पिस्तुलावर पुन्हा ठेवून पाहिला. मूठ मधूच्या पंज्याची. वहिनींचं बोट ट्रिगरपर्यंत पोचायला सगळा हात वळवावा लागत होता, आणि हात वळला की नळी वळत होती. "भाभीजी, किट ऊपर का हिस्सा बदलता है," ते हळू म्हणाले. ढोल इतका हळू वाजतो हे मला त्या दिवशी कळलं. "पकड़ तो वही रहेगी."

"घासून थोडी बारीक नाही होणार?"

"इतनी नहीं होगी. अंदर गोलियों की मैगज़ीन बैठती है."

मग त्यांनी छोटं पिस्तूल पुढे केलं. वहिनींनी ते नाइलाजाने उचललं. मूठ त्यांच्या हातात अशी बसली, जणू तो हात बघूनच घडवली होती. सगळ्या गोळ्या झाडून कागद आणला. मी अतिशयोक्ती करणारा माणूस आहे हे जगजाहीर आहे, म्हणून इथे मुद्दाम जपून सांगतो: ती सगळी भोकं माझ्या तळहाताखाली झाकत होती. मधूचा सगळ्यात चांगला कागद झाकायला चादर लागली असती.

वहिनी कागदाकडे बघत राहिल्या. आनंद झालाय असं वाटेना. बाकावर येऊन बसल्या. समोर एकाच फळीवर दोन्ही पिस्तुलं पडली होती.

"हे छोटं हातात घेतलं तेव्हा कापायला काही नव्हतंच त्याच्यात," त्या म्हणाल्या. "मला कसंतरीच झालं, भाऊजी."



"आयुष्यभर यांचं कापून घातलं. मला वाटे, तेच आपलं माप. यांनाही जरा दुमडून पाहिलं होतं मी, पहिली काही वर्षं." त्या किंचित हसल्या. "ते काही दुमडल्या गेले नाहीत."

"आणि शेवटचा कोट?" मी विचारलं. कारण मधूचा शेवटचा तपकिरी कोट त्यांच्या बेसमेंटच्या खुंटीला अजून तसाच लटकत होता, बाह्या जमिनीकडे सोडून. त्या घरात कात्री न लागलेली तेवढी एकच वस्तू होती.

"त्याले हात नाही लावला अजून," वहिनी म्हणाल्या. मग उठल्या. "गिलसाहेबांना सांगा, छोटं घेते. मोठं तुमच्या नावावर करा. कागदाला लागेल असं चालवा म्हणजे झालं, नाहीतर ते पुन्हा त्या बांधाच्याच मागे लागेल."

कागदपत्रं झाली आणि मधूचं पिस्तूल माझ्या घरी आलं, तेही प्लास्टिकच्या एका साध्या डब्यात. सागवानी डब्याचं काय, असं मी हळूच विचारलं. "तो राहू द्या," एवढंच उत्तर मिळालं. पुढे दोन हिवाळे वहिनी दर शनिवारी कागदाला नीट भोकं पाडत राहिल्या. गिलसाहेब नव्या पोरांना त्यांच्यामागे उभं करून दाखवत, "देखो, साँस देखो इनकी." मी मधूच्या पिस्तुलाने बांधाशी असलेलं त्याचं वैर पुढे चालू ठेवलं.

मग गुडघे थकले आणि लेकीने वहिनींना एटोबिकोला बोलावलं. घर आवरायला मी गेलो होतो. बेसमेंटमधली खुंटी रिकामी होती. कोट कुठे गेला ते विचारायचं धाडस झालं नाही. वहिनींनी कपाटातून सागवानी डबा काढला, पितळी कुलूप उघडलं आणि आत एकदा नजर टाकली. मोठ्या पिस्तुलाच्या त्या खाचेत त्यांचं छोटं पिस्तूल निजलेलं होतं. चहूबाजूंनी उरलेली जागा तपकिरी लोकरीच्या पट्ट्यांनी भरली होती, बारीक टाके घालून, कुठे सुरकुती नाही. एका पट्टीवर कोटाचं बटण तसंच ठेवलेलं होतं.

मी त्या बटणावरची नजर काढून म्हणालो, "वहिनी, डबा फार मोठा होतोय हो. नवीन घ्यायचा एखादा."

वहिनींनी झाकण लावलं, कुलूप घातलं आणि ओढून पाहिलं.

"डब्यात काही वाईट नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माप तेवढं चुकलं होतं."